'टॉय स्टोरी 2' : पेटीतले खेळणे आणि हातातले खेळणे

एखाद्या यशस्वी कृतीचा दुसरा भाग निघाला की रसिकाच्या मनात प्रथम शंका उभी राहते, आणि ती बहुधा अनाठायी नसते. पहिली कृती काही सांगावेसे वाटले म्हणून जन्माला आलेली असते. दुसरी पुष्कळदा पहिलीला गिऱ्हाईक मिळाले एवढ्याच कारणाने जन्मते. त्यात हा उत्तरभाग चित्रपटगृहाची पायरी न चढता थेट घरगुती व्हिडिओफितीच्या रूपाने दुकानात यावयाचा असेल, तर शंका दुणावते. 1994 साली डिस्नेने 'अलादीन'चा उत्तरभाग 'द रिटर्न ऑफ जाफर' या रीतीने थेट फितीवर काढला. कलादृष्ट्या तो सामान्य होता, पण खपला उदंड. आणि मग अशा उत्तरभागांची रांगच लागली. पिक्सारचा 'टॉय स्टोरी 2' (1999) मुळात याच रांगेत बसावयाचा होता. तो रांगेतून उठला कसा, आणि पुढे फितीच्या व तबकडीच्या रूपाने घरोघर गेल्यावर त्याच्या अर्थात कोणती भर पडली, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

प्रथम त्याच्या घडणीविषयी. 1995 चा 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर घडविलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट. त्याचा उत्तरभाग थेट व्हिडिओसाठी करावा असे ठरले होते. काम पुढे सरकले तसा तो चित्रपटगृहांसाठी करण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात, 1998 साली, एका चुकीच्या आज्ञेने संगणकावरील बराचसा चित्रपट पुसला गेला, आणि गेलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीमुळे तो वाचला. ही हकीकत अनेकदा सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच. वाचविलेले ते कथानकच पुढे पुरेसे चांगले नाही असे ठरले, आणि जॉन लॅसेटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बहुतांशी नव्याने रचून अवघ्या नऊ महिन्यांच्या सुमारास चित्रपट पुरा केला. या घाईची किंमत कलावंतांनी हातांच्या दुखण्यांनी मोजली, हेही विसरता कामा नये. परंतु जे जपले गेले ते केवळ जपले म्हणून मोलाचे नव्हे, हा विवेक निर्मात्यांनी दाखविला. आणि नेमका हाच विवेक चित्रपटाचा विषय आहे.

कथा अशी. वुडी हा चिंध्यांचा काउबॉय, अँडी नावाच्या मुलाचा लाडका. खेळता खेळता त्याचा खांदा उसवतो, आणि अँडी त्याला घरीच ठेवून शिबिराला जातो. अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून व्हीझी या आवाज गेलेल्या पेंग्विनला सोडविण्याच्या खटपटीत वुडी स्वतःच अल नावाच्या खेळण्यांच्या दुकानदाराच्या हाती लागतो. अलच्या घरी त्याला कळते, की आपण एका जुन्या दूरचित्रवाणी-मालिकेचे नायक असून, जेसी ही मुलगी, बुल्सआय हा घोडा आणि पीट हा सोने शोधणारा म्हातारा मिळून आपला संच पुरा होतो. हा संच टोकियोच्या एका संग्रहालयात जावयाचा आहे. तेथे काचेआड तो कधी झिजणार नाही, कधी फेकला जाणार नाही. उलट अँडी आज ना उद्या मोठा होणारच. तेव्हा अमर होऊन दुरून पाहिले जावे, की झिजत झिजत एकाच्या प्रेमाला पात्र व्हावे, असा हा पेच आहे. मुलांच्या विनोदी चित्रपटात एवढा पेच येतो आणि तो कोठेही जड होत नाही, याचे आम्हांला कौतुक वाटते.

हा पेच संवादांपेक्षा वस्तूंतून उभा केला आहे, हे दिग्दर्शकाचे खरे यश होय. एक म्हातारा कारागीर वुडीचा खांदा शिवतो, रंग उजळतो, आणि बुटाच्या तळव्यावर अँडीने लिहिलेले आपले नाव रंगाखाली झाकून टाकतो. दुरुस्ती इतकी तन्मयतेने दाखविली आहे की तो रंगाचा शेवटचा हात फिरेपर्यंत आपणही संतुष्ट असतो. काय पुसले गेले ते मागाहून कळते. पुढे वुडी तोच रंग खरवडून नाव पुन्हा उघडे करतो, तेव्हा निर्णय झाल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. जेसीची पूर्वकथा तर एका गीतात आटोपली आहे. रँडी न्यूमन यांनी रचलेले व सारा मॅक्लाक्लन यांनी गायिलेले हे गीत चालू असता एमिली नावाची मुलगी मोठी होते, जेसी पलंगाखाली विसरली जाते, आणि एके दिवशी दान म्हणून देऊन टाकली जाते. येथे विनोद मुळीच नाही, आणि म्हणूनच आधीच्या व नंतरच्या विनोदाला वजन आले आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. वुडी आपली जुनी मालिका पाहतो ती व्हिडिओफितींवर. शेवटच्या फितीत तो घोड्यावरून दरीवर झेप घेतो आणि भाग तेथेच संपतो. पुढची फीत नाही; कारण स्पुटनिकनंतर मुलांना अंतराळाचे वेड लागले आणि मालिका बंद पडली. चित्रपटाच्या अखेरीस विमानातून जेसीला सोडविताना वुडी तिला सांगतो, की हा आपल्या मालिकेचा शेवटचा भाग आहे असे समज. कधीच न निघालेला तो भाग असा प्रत्यक्ष कृतीने पुरा होतो. उत्तरभाग कशासाठी लिहावा, याचे याहून चांगले उत्तर आम्हांला ठाऊक नाही: पूर्वी जे खरोखर अधुरे राहिले असेल तेच पुरे करण्यासाठी.

दोष नाहीत असे नव्हे. खेळण्यांच्या दुकानातील प्रसंगांत, दुकानदारांनी 1995 साली बझ लाइटइयरच्या बाहुल्या पुरेशा मागविल्या नव्हत्या, यावर थट्टा आहे. ती गमतीची खरी, पण हा चित्रपटही तीच खेळणी विकीत असतो हे ती झाकू शकत नाही. दुष्ट झुर्ग हा बझचा बाप निघतो, ही कोटी 'स्टार वॉर्स' मालिका ज्याने पाहिली नाही त्याला नुसती विचित्र वाटेल. सर्वांत मोठी उणीव पीटच्या चित्रणात आहे. पेटीतून कधी बाहेरच न निघालेल्या, कोणाही मुलाच्या हाताचा स्पर्श न झालेल्या या पात्राचे दुःख जेसीच्या दुःखाइतकेच खरे आहे. परंतु कथेला खलनायक हवा म्हणून त्याला शिक्षा होते, आणि त्या दुःखाची चौकशी अर्धवट राहते.

आता घरगुती आवृत्तीविषयी. 17 ऑक्टोबर 2000 रोजी हा चित्रपट फीत आणि डीव्हीडी या दोन्ही रूपांत अमेरिकेत विक्रीस आला. दोन्ही भाग व त्यांच्या निर्मितीविषयीची सामग्री असलेला तीन तबकड्यांचा संचही त्याच वेळी निघाला. या दोन माध्यमांत नकळत चित्रपटातलाच पेच उतरला आहे. फीत यंत्राच्या शीर्षावर घासत जाते. मूल जितक्या वेळा ती पाहील तितका तिचा चुंबकीय थर झिजतो, चित्र फिकट होते, आवाज खरखरतो. ती वुडीसारखी आहे. तबकडीला स्पर्श होतो तो फक्त प्रकाशाचा. नीट जपली तर शंभराव्या वेळीही ती पहिल्यासारखीच दिसते. तिच्यात संग्रहालयाचा गुण आहे, आणि भोवतालची माहितीपर सामग्री पाहता तो गुण जाणून जोपासलेला आहे. आम्ही दोहोंपैकी एकीलाच श्रेष्ठ ठरवू इच्छीत नाही. अभ्यासकाला तबकडी हवी. परंतु हा चित्रपट ज्यांच्या मनात रुजला त्या पिढीतील अनेकांनी तो झिजलेल्या फितीवर पाहिला, हे त्याच्या आशयाशी सुसंगतच आहे.

एक तिसरी अवस्थाही नोंदविली पाहिजे. चित्रपटाच्या शेवटी, पात्रे नटच आहेत असे मानून, त्यांच्या 'चुकांचे' लटके तुकडे 1999 च्या डिसेंबरात जोडले गेले. त्यांतील एका तुकड्यात पीट दोन बार्बी बाहुल्यांना पुढच्या चित्रपटात भूमिका देण्याचे आमिष दाखवितो. 2019 च्या घरगुती आवृत्तीतून हा तुकडा वगळला गेला. चित्रपटव्यवसायातील स्त्रियांच्या छळाच्या कहाण्या 2017 पासून उघड झाल्यानंतर त्या विनोदात हसण्याजोगे काही उरले नव्हते, आणि त्याच्या जाण्याने कलाकृतीची हानी झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सेची परंपरा ज्या भाषेत आहे, तिच्या अभ्यासकाला एवढे विचारण्याचा अधिकार आहे, की गाळलेल्या पाठाची नोंद कोठे ठेवावयाची? जुनी फीत व जुनी तबकडी ज्यांच्या कपाटात आहे त्यांच्यापाशी मूळ पाठ आहे; जे आज तारेवरून येणारा चित्रपट पाहतात, त्यांच्या हाती ना खेळणे आहे ना पेटी. मालक दुरूनच त्यात फेरफार करू शकतो. चुकीचे ते अवश्य काढावे, परंतु काढल्याचे सांगावे. कारागिराने बुटावरचे नाव पुसले तेही चांगल्या हेतूनेच.

2010 च्या तिसऱ्या भागात अँडी खरोखरच मोठा होतो, आणि पीटने वर्तविलेले भविष्य खरे ठरते. तरी वुडीची निवड चुकीची ठरत नाही. कारण ती फलाचा हिशेब करून केलेली नव्हती. थेट दुकानाच्या फळीवर जाण्यासाठी योजिलेला एक उत्तरभाग एवढा विचार आपल्यापुढे ठेवतो, यात त्याची योग्यता आली. आपल्या घरी जुनी फीत वा तबकडी असेल तर ती टाकून देऊ नये, आणि कपाटात नुसती ठेवूनही देऊ नये, एवढीच आमची वाचकांस सूचना आहे.