तिसऱ्याच्या घराची मसलत

युद्ध थांबले की ‘स्थैर्य’ हा शब्द वारंवार कानी पडू लागतो. तहाच्या मसुद्यांत, सेनापतींच्या निवेदनांत, मदत देणाऱ्या राष्ट्रांच्या ठरावांत तो हमखास आढळतो. ज्यांच्या अंगणात युद्ध झाले त्यांच्या तोंडी मात्र तो क्वचितच असतो. ते ‘शांती’ म्हणतात, किंवा नुसते ‘आता पुरे’ म्हणतात. दोन दोस्त राष्ट्रांचे सेनानी तिसऱ्याच्या घराची घडी बसविण्यासाठी मसलतीला बसतात, तेव्हा या एका शब्दाखाली दोघांच्या मनात एकच चित्र असते काय? आणि ज्याचे घर, त्याला त्या मसलतीत कोणते आसन मिळते? अमेरिकन पत्रकार स्टीव्ह कोल यांचा ‘डिरेक्टोरेट एस’ हा 2018 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचताना हे दोन प्रश्न पानोपानी मनात उभे राहतात.

कोल यांना आपला भूभाग परका नाही. 1989 पासून काही वर्षे ते ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दक्षिण आशियातील प्रतिनिधी म्हणून दिल्लीत राहिले होते. सोव्हिएत आक्रमणापासून 10 सप्टेंबर 2001 पर्यंतचा अफगाणिस्तानचा गुप्त इतिहास त्यांनी ‘घोस्ट वॉर्स’ या ग्रंथात लिहिला आणि त्यासाठी त्यांना 2005 चे पुलित्झर पारितोषिक लाभले. प्रस्तुत ग्रंथ हा त्याचाच उत्तरार्ध होय. 2001 ते 2016 या काळातील अमेरिका, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्या परस्परसंबंधांची ही सातशेहून अधिक पृष्ठांची कहाणी शेकडो मुलाखतींवर उभी आहे. शीर्षकातील ‘एस’ हा पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संघटनेचा एक विभाग. तालिबान आणि तत्सम सशस्त्र गटांना पडद्याआडून पोसण्याचे काम तो करीत असे, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

कथेचा पाया थोडक्यात समजून घेतला पाहिजे. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर हल्ले झाले, त्या दिवशी आयएसआयचे तत्कालीन प्रमुख जनरल महमूद अहमद योगायोगाने वॉशिंग्टनमध्येच होते. अमेरिकेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देण्यावाचून पाकिस्तानला गत्यंतर नव्हते, आणि अशा रीतीने कालपर्यंत तालिबानचा पाठीराखा असलेला देश एका रात्रीत तालिबानविरोधी युद्धातील दोस्त बनला. अमेरिकेलाही हा दोस्त टाळता येण्याजोगा नव्हता. अफगाणिस्तानला समुद्रकिनारा नाही. कराची बंदरात उतरलेला माल तोरखम आणि चमनच्या वाटेने मालमोटारींतून वर गेला, तरच तेथील फौजांना इंधन आणि अन्न मिळणार. ज्याच्यावर संशय, त्याच्याच दारातून रसद! या दोस्तीचा सारा पेच या एका वाक्यात सामावलेला आहे.

अमेरिकेच्या लेखी स्थैर्य म्हणजे आपल्यावर पुन्हा तेथून हल्ला होऊ नये आणि आपले सैनिक घरी परतू शकतील इतपत काबूलचे शासन स्वतःच्या पायांवर उभे राहावे. पाकिस्तानी सेनेच्या लेखी स्थैर्य म्हणजे काबूलमध्ये भारताकडे झुकलेले सरकार नसावे आणि 1893 साली आखलेल्या ड्युरंड रेषेविषयी कोणी वाद उकरून काढू नये. ही भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. 1947 साली संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध एकच मत पडले होते, आणि ते अफगाणिस्तानचे होते. दोन्ही अर्थ आपापल्या जागी समजण्याजोगे. परंतु ते एकमेकांशी जुळणारे नव्हते. पंधरा वर्षे दोन्ही बाजूंचे सेनानी ‘स्थैर्य’ म्हणत राहिले आणि आपण एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत असे मानत राहिले, किंवा निदान तसे भासवत राहिले.

या ग्रंथाचा प्राण दोन सेनानींच्या नात्यात आहे. एक, अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष अॅडमिरल माइक मलन. दुसरे, पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल अश्फाक परवेझ कयानी. मलन यांची धारणा साधी व प्रामाणिक होती. 1990 साली अणुकार्यक्रमाच्या कारणावरून अमेरिकेने पाकिस्तानची लष्करी मदत तोडली आणि त्यामुळे पाकिस्तानी अधिकाऱ्यांची एक अख्खी पिढी अमेरिकेपासून दुरावली, हे त्यांना डाचत होते. तुटलेला विश्वास माणसामाणसांतील मैत्रीने सांधावा म्हणून आपल्या कारकिर्दीत ते कयानींना दोन डझनांहून अधिक वेळा भेटले. ऑगस्ट 2008 मधील एक भेट तर भर समुद्रात विमानवाहू नौकेवर झाली. त्याआधी जुलै महिन्यात काबूलमधील आपल्या भारतीय वकिलातीवर आत्मघातकी हल्ला होऊन पन्नासहून अधिक माणसे मरण पावली होती आणि त्यामागे आयएसआयचा हात असल्याचा आरोप अमेरिकन अधिकारीच करू लागले होते. तरीही मसलत चालूच राहिली.

कयानींची व्यक्तिरेखा ही कोल यांची सर्वांत मोठी कामगिरी मानावी लागेल. मितभाषी, पुटपुटल्यासारखे बोलणारा, एकामागून एक सिगारेट ओढणारा हा सेनापती लेखकाने खलनायक म्हणून रंगविलेला नाही. कयानींनी 1988 साली अमेरिकेतच, कॅन्सस राज्यातील लष्करी महाविद्यालयात, अफगाण प्रतिकार चळवळीची बलस्थाने व उणिवा या विषयावर प्रबंध लिहिला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे समोर बसलेल्या अमेरिकनांपेक्षा त्या डोंगराळ मुलुखाचा त्यांचा अभ्यास किती जुना होता हे कळते. ते अमेरिकनांना दीर्घ टिपणे लिहून देत. 2010 साली तसे एक टिपण थेट राष्ट्राध्यक्ष ओबामांपर्यंत पोहोचले. त्यांतील मुद्दा थोडक्यात असा, की तुम्ही आज ना उद्या जाल. आम्हाला मात्र या शेजाऱ्याच्या शेजारीच राहायचे आहे. डिसेंबर 2009 मध्ये ओबामांनी तीस हजार जादा सैनिक पाठविण्याची घोषणा केली आणि त्याच भाषणात जुलै 2011 पासून माघारीला आरंभ होईल असेही सांगून टाकले. निघण्याचा मुहूर्त आधीच जाहीर करणाऱ्या पाहुण्याचा सल्ला यजमान किती मनावर घेणार? कोल हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारीत नाहीत. बैठकांमागून बैठका मांडीत जातात आणि वाचकालाच तो विचारायला लावतात. त्यांच्या संयमी निवेदनशैलीचे हे यश आहे.

2011 साली ही मैत्री उघडपणे फाटली. मे महिन्यात अबोटाबादेत ओसामा बिन लादेन मारला गेला. सप्टेंबरात काबूलमधील अमेरिकन वकिलातीवर हल्ला झाला, आणि निवृत्तीला अवघे काही दिवस उरले असता मलन यांनी सिनेटच्या समितीपुढे हक्कानी गट हा आयएसआयचाच जणू एक हात आहे असे सांगितले. कयानींचा अमेरिकेतील सर्वांत जवळचा मित्र सर्वांत कठोर शब्द उच्चारून निघून गेला. नोव्हेंबरात सलाला येथील चौक्यांवर अमेरिकन विमानांनी केलेल्या माऱ्यात चोवीस पाकिस्तानी सैनिक ठार झाले. पाकिस्तानने रसदीचा मार्ग बंद केला. तो सात महिन्यांनी, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी खेद व्यक्त केल्यावर उघडला. ही प्रकरणे वाचताना एखादी शोकांतिका पाहत असल्याचा भास होतो. कारण दोघांपैकी कोणीही निव्वळ दुष्ट नाही, आणि तरीही दर भेटीत दोघे एकमेकांपासून थोडे दूरच जातात. व्यक्तिगत सौजन्य हा राष्ट्रांमधील विश्वासाचा पर्याय होऊ शकत नाही, हा या ग्रंथातून निघणारा पहिला धडा होय.

आता उणिवांकडे वळू. आयएसआयचे कोडे सोडविण्यात आणि तिचा हस्तक्षेप थांबविण्यात आलेले अपयश हेच अमेरिकेचे या युद्धातील सर्वांत मोठे अपयश, असा कोल यांचा निष्कर्ष आहे. तो मला पुरता पटत नाही. डिसेंबर 2001 मध्ये बॉन येथे नव्या व्यवस्थेचा करार झाला तेव्हा पराभूत तालिबानला त्यात स्थान नव्हते. बंदुकीच्या जोरावर गबर झालेल्या सरदारांना मात्र होते. पुढे इराकच्या युद्धाने अमेरिकेचे लक्ष व बळ दुसरीकडे ओढले. भ्रष्टाचार बोकाळला. मध्यरात्री घराघरांत शिरून घेतलेल्या झडत्यांनी सामान्य माणूस दुखावला. या गोष्टी कोल यांनी लपविलेल्या नाहीत. परंतु त्यांच्या तराजूत त्यांचे वजन कमी पडते. शेजाऱ्याने आग लावली हे खरे. पण घरात वाळलेले गवत कोणी साठविले होते, याचाही झाडा घ्यायला हवा होता.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. या ग्रंथात अफगाण आहेत, पण ते बहुतांशी पदाधिकारी आहेत. गुप्तचर प्रमुख अमरुल्ला सालेह आणि राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांची चित्रे जिवंत उतरली आहेत. एवढी मोठी महासत्ता पाकिस्तानला रोखू शकत नाही यावर करझाईंचा विश्वासच बसत नाही, आणि म्हणून दोघांचे काहीतरी संगनमत असले पाहिजे असा संशय त्यांच्या मनात घर करतो. मसलतीबाहेर ठेवलेल्या यजमानाला बंद दारामागची कुजबुज कशी ऐकू येते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. अफगाण शिपायांनी आपल्याच विदेशी सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या त्या घटनांवरील प्रकरणही असेच अस्वस्थ करणारे आहे. अपमानाचा सूड की शत्रूची घुसखोरी, याविषयी तज्ज्ञांमध्ये झालेला वाद लेखकाने निःपक्षपातीपणे मांडला आहे. परंतु शेतकरी, शिक्षिका, मुलाला पुरून आलेली आई यांना येथे जवळजवळ आवाज नाही. सेनानींच्या दालनांत हिंडता हिंडता ग्रंथही त्याच दालनांत अडकून पडतो. ज्या चुकीवर तो बोट ठेवतो, तिचीच थोडी छाया त्याच्यावरही पडली आहे.

दालनाबाहेरचे स्थैर्य कसे असते याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. तामिळनाडूचे येशूसंघीय धर्मगुरू फादर अलेक्सिस प्रेमकुमार हे अफगाणिस्तानात निर्वासितांच्या सेवेत होते. जून 2014 मध्ये हेरात शहराजवळ, परतलेल्या निर्वासितांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका शाळेला भेट देऊन निघताना त्यांचे अपहरण झाले, आणि सुमारे आठ महिन्यांनी, फेब्रुवारी 2015 मध्ये, त्यांची सुटका झाली. त्या शाळेतील मुलांना ड्युरंड रेषेशी कर्तव्य नव्हते. उद्या शाळा भरेल काय आणि गुरुजी परत येतील काय, एवढाच त्यांच्या स्थैर्याचा अर्थ होता. कोणत्याही सेनापतीच्या टिपणात हा अर्थ लिहिलेला आढळत नाही.

शेजाऱ्याच्या अस्थैर्यावर आपले स्थैर्य उभारता येत नाही, हे पाकिस्तानलाही फार महाग पडून कळले. सप्टेंबर 2013 मध्ये पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये रविवारची उपासना आटोपून बाहेर पडणाऱ्या भाविकांवर आत्मघातकी हल्ला झाला आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढल्याच वर्षी, 16 डिसेंबर रोजी, त्याच शहरातील लष्करी शाळेत एकशे चाळीसहून अधिक जणांची हत्या झाली. त्यांत बहुसंख्य मुले होती. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे बंदूकधाऱ्यांचे वर्गीकरण करणाऱ्या धोरणाची किंमत ज्यांनी चुकविली, त्यांना ते धोरण ठरविताना कोणी विचारले नव्हते.

भारतीय वाचकाने हा ग्रंथ शेजाऱ्याची फजिती म्हणून वाचण्याचा मोह टाळावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपणही तेथे रस्ता बांधला, संसद-भवन उभारले, हेरात प्रांतात धरण पूर्ण केले. ही कामे चांगलीच होती. परंतु तेथे आपले हित नव्हते असा दावा आपल्यालाही करता येणार नाही.

कोल यांचा ग्रंथ संपतो तेव्हा युद्ध संपलेले नव्हते. त्यानंतरचा इतिहास आपण पाहिला आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये दोहा येथे अमेरिका आणि तालिबान यांचा करार झाला. काबूलचे सरकार त्या करारात पक्षकार नव्हते. 15 ऑगस्ट 2021 रोजी काबूल पडले. सप्टेंबरच्या आरंभी आयएसआयचे प्रमुख तेथील हॉटेलात हसतमुखाने वावरताना जगाने पाहिले. इच्छित शेजारी अखेर लाभला, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण 2023 च्या उत्तरार्धापासून पाकिस्तानने लक्षावधी अफगाण निर्वासितांना माघारी धाडायला आरंभ केला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच सरहद्दीवर दोन्ही देशांची सैन्ये एकमेकांशी लढली. ज्यांच्यासाठी एका दोस्ताचा बळी दिला, त्यांच्याशीही स्थैर्याचा अर्थ जुळला नाहीच.

म्हणूनच प्रकाशनानंतर इतक्या वर्षांनीही हा ग्रंथ जुना झालेला नाही. त्याचा विस्तार दमविणारा आहे, नावांची गर्दी गोंधळात टाकणारी आहे, आणि सामान्य अफगाण माणसासाठी आपल्याला दुसऱ्या पुस्तकांकडे वळावे लागेल. तरीही सत्ताधीशांच्या बंद दालनांत सद्हेतू कसे विरत जातात याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज क्वचितच वाचायला मिळतो. जगात आज आणखीही काही देशांच्या भवितव्याविषयी दोस्तांच्या मसलती चालू आहेत. त्यांच्या बातम्या वाचताना टेबलाभोवती कोण बसले आहे हे आपण पाहतोच. ज्याच्या घराची ही मसलत, त्याची खुर्ची तेथे मांडली आहे काय, हेही यापुढे आपण पाहू लागलो, तर कोल यांचा ग्रंथ वाचल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.