दोन डॉट्समधला बांध

क्वांटम संगणकावरील लेखांत ‘एकाच वेळी शून्य आणि एक’ हे वाक्य हमखास भेटते. पण दोन क्वांटम बिट एकमेकांशी जोडायचे कसे, हा खरा अवघड प्रश्न बहुधा बाजूलाच राहतो. म्हणून डॅनिएल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेन्झो यांच्या १९९८ सालच्या शोधनिबंधाकडे आम्ही शिक्षकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कल्पना साधी आहे. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारी अतिसूक्ष्म जागा. प्रत्येक डॉटमध्ये एक इलेक्ट्रॉन. त्याचा स्पिन हाच बिट. शेजारच्या दोन डॉट्समध्ये विद्युतदाबाने उभा केलेला बांध असतो. तो उंच असेपर्यंत इलेक्ट्रॉन अलिप्त राहतात. बांध उतरवला की त्यांचे तरंग एकमेकांत मिसळतात व विनिमय-आंतरक्रिया सुरू होते. ठरावीक वेळात विरुद्ध दिशांच्या स्पिनांची अदलाबदल होते. निम्म्या वेळात बांध पुन्हा चढवला, तर ते एकमेकांत गुंतून राहतात. ही अर्धी अदलाबदल आणि एकेका स्पिनचे वळण, एवढ्यावर कोणतीही क्वांटम आकडेमोड बांधता येते.

निबंधाचे बळ या साधेपणात आहे आणि उणीवही तिथेच आहे. बांधाची उंची किंचित बदलली तरी आंतरक्रियेची तीव्रता कितीतरी बदलते. त्यामुळे आसपासच्या विद्युतभाराची चुळबुळही क्रिया बिघडवते. निबंधातील गणित मात्र एका नमुनेदार चुंबकीय परिसरापुरतेच आहे.

पुढे काय झाले? २००५ साली हार्वर्डच्या गटाने गॅलियम आर्सेनाइडमध्ये अर्धी अदलाबदल १८० पिकोसेकंदांत साधली. पण तिथल्या अणुकेंद्रांच्या स्पिनांमुळे सुसंगती सुमारे १० नॅनोसेकंदांत ढळत होती. भागाकार केला तर मधल्या काळात जेमतेम पंचावन्न क्रिया! अणुकेंद्रीय स्पिन नसलेल्या सिलिकॉन-२८ने ही अडचण बरीच कमी केली. २०२२ साली डेल्फ्ट आणि जपानच्या रिकेन येथील गटांनी दोन बिटांच्या क्रियेत ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखवली.

वर्गात हा विषय सांगताना केवळ ‘बांध उतरवला, काम झाले’ एवढ्यावर थांबू नये. ज्या दाराने आपण आत शिरतो, त्याच दाराने गोंगाटही शिरतो. विद्यार्थ्यांना हे उमगले, तर क्वांटम संगणक जादू न राहता अभियांत्रिकी होतो.