नेसलेली साडी, घातलेली साडी

विषय तसा साधा आहे. एखादी परदेशी बाई लोणावळ्याला योग शिकायला येते. निघायच्या आधी हौसेनं नऊवारी शिवून घेते, फोटो काढते. तो फोटो पाहून आपण दोनातलं एक काहीतरी म्हणतो. एक, “बघा, आमच्या मुलींनी हिच्याकडून शिकावं.” नाहीतर, “काष्टा असा असतो का?” कौतुक आणि टीका, दोन्हींच्या मागे ‘खरी’ साडी कशी दिसते याचं एक पक्कं चित्र आहे. मला आज त्या चित्राबद्दल बोलायचं आहे.

त्यातलं बरंचसं आपल्या मावळातच छापलं गेलं! राजा रवि वर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला आला. रवि वर्मा त्रावणकोरचे. त्यांच्या घरच्या बायकांचा वेश नऊवारी नव्हे. तरी त्यांच्या कितीतरी नायिका महाराष्ट्रीय पद्धतीची साडी नेसलेल्या दिसतात. छपाईला जर्मन तंत्रज्ञ, आणि नंतर छापखाना विकत घेतला तोही फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसानं. वर आपल्या घरांतल्या बायकांनी त्या छापील देवींना खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या. म्हणजे ज्या चित्रावरून आपण पाहुणीची साडी तपासतो, त्यातच परप्रांतीय आणि परदेशी हात आहेत. मग शुद्धतेचा मुद्दा फार ताणता येत नाही.

पण म्हणून सगळं चालेल, असंही नाही. या चित्रांची एक मर्यादा आहे. रवि वर्मांचं वादक स्त्रियांचं प्रसिद्ध चित्र आठवा. वेगवेगळ्या प्रांतांच्या बायका आपापल्या वेशात एकत्र बसल्यात, त्यात एक युरोपीय पोशाखातलीही आहे. चित्र देखणं आहे, पण त्यात वेश म्हणजे ओळखपत्र झालंय. ही इथली, ती तिथली. कापड स्थिर, बाई स्थिर.

प्रत्यक्षात लुगडं स्थिर नसतं. मावळात भात लावणारी बाई ते गुडघ्यापर्यंत वर खोचते. कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला येणाऱ्या कोळणीची नेसण्याची तऱ्हा वेगळी, लग्नातल्या आजीची वेगळी. काष्टा किती आवळायचा हे काम ठरवतं, अंग ठरवतं.

आपली भाषा इथे फार नेमकी आहे. चोळी आपण घालतो, शेला पांघरतो, पागोटं बांधतो, पण साडी नेसतो. शिवलेली नऊवारी मात्र ‘घालतात’. निऱ्या शिंप्यानं घातलेल्या, काष्टा शिवलेला, कमरेला नाडी. पाच मिनिटांत तयार. माझा आक्षेप सोयीला नाही. आपल्या मुलीही ढोल-ताशा पथकात तीच घालतात, मग पाहुणीलाच का हसायचं? आक्षेप आहे तो एवढाच की, नेसायच्या साडीला माप नसतं. आजीची नातीला होते, बारीक बाईची जाड बाईला होते, स्वित्झर्लंडहून आलेल्या बाईलाही होते. ज्या वस्त्रात मुळातच कुणालाही सामावून घ्यायची सोय होती, त्याला आपण माप लावलं.

स्वित्झर्लंडचं नाव मी उगीच घेतलं नाही. १९१३ मध्ये तिथे जन्मलेल्या ईव्ह यांनी १९३२ मध्ये विक्रम खानोलकरांशी लग्न केलं आणि त्या सावित्रीबाई झाल्या. मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, महाराष्ट्राच्या संतांवर पुस्तक लिहिलं. परमवीर चक्राची रचना त्यांचीच. त्यांच्या अंगावरची साडी ‘वेश’ म्हणून वेगळी काढून दाखवता येत नाही, कारण तिच्या मागे रोजचं जगणं होतं.

प्रत्येक पाहुणीनं एवढं करावं असं कोण म्हणेल? पण कापडामागचा माणूस तिला दिसावा, आणि तो दाखवायचं काम आपलं आहे. पैठणी हवी असेल तर येवल्याच्या मागावर विणलेली मागावी. उलटी करून पाहावी, हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. ती विणायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. किंमत त्या वेळेची असते. आपण मात्र पाहुणीला यंत्रावरची नक्कल ‘पारंपरिक’ म्हणून देतो आणि वर तिच्याकडूनच संस्कृतीचं प्रमाणपत्र घेतो. यात ती फसते आणि विणकरही मरतो.

जाता जाता एक सांगतो. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर दात्यांचे लेख आहेत. त्यांतले बरेच धेनुकाकटचे यवन. त्यांनी आपलं दान ब्राह्मी लिपीत, इथल्या प्राकृतात कोरून घेतलं, आणि तरी स्वतःला ‘यवन’ म्हणवून घ्यायला संकोचले नाहीत. इथलं घेतलं, आपलं लपवलं नाही, आणि त्या बदल्यात दगडाचा एक खांब दिला. साडीतल्या पाहुणीला आपण ‘अगदी मराठी दिसतेस’ म्हणतो ना, त्याऐवजी विचारू या: कुणी विणली, आणि तू स्वतः नेसलीस का? नसेल येत, तर चल, शिकवते. हे वाक्य म्हणता येणाऱ्या बायका आपल्या घरांत किती उरल्यात, हा प्रश्न मात्र पाहुणीचा नाही, आपला आहे.