घरच्या सरकारचे बखरकार

मराठीत बखरकारांची एक जात आहे. वाङ्मयाच्या इतिहासात तिची नोंद नाही. ती दिवाळी अंकांच्या मागच्या पानांत सापडते. ‘आमच्या घरी हिचंच राज्य’ हा या मंडळींचा एकुलता एक विषय. पहिल्या वर्षी हे गृहस्थ भाजी आणायला जातात आणि मेथीऐवजी शेपू घेऊन येतात. दुसऱ्या वर्षी साडीच्या दुकानात तीन तास बसतात. तिसऱ्या वर्षी मेहुणा मुक्कामाला येतो. चौथ्या वर्षी लेखच येत नाही. मग संपादक दुसरा बखरकार गाठतात, आणि तो बिचारा पुन्हा शेपूपासून सुरुवात करतो.

हे लोक लिहायचे थांबतात का? मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की आम्ही खातं निष्क्रिय ठरवतो. तेव्हा बंद पडलेल्या लेखकाकडेही माझी नजर त्याच हिशोबाने जाते.

पहिलं कारण सांगतात ते असं, की विषय संपतो. हे काही खरं नव्हे. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांना चिमणरावाचा संसार वर्षानुवर्षं पुरला. कारण चिमणराव हसतो ते काऊला नव्हे, आपल्या फजितीला. काऊला हसायचं ठरवलं असतं तर चार लेखांत दौत कोरडी पडली असती. आपल्या फजितीचा साठा मात्र देवदयेने प्रत्येकाकडे मुबलक असतो.

दुसरं कारण : बायको वाचते आणि मग घरात राहणं मुश्किल होतं. हेही पटत नाही. माझ्या पाहण्यातल्या बायका असा अंक शेजारी नेऊन दाखवतात. नवऱ्याचं नाव छापून आलं, एवढंच त्यांच्या लेखी महत्त्वाचं. आत काय लिहिलंय ते त्यांना पाठ असतं, आणि त्यातलं खरं किती हेही.

खरी गोम इथेच आहे. हे राज्यच मुळी खरं नसतं!

पुरावा हवा असेल तर माझ्या काउंटरवर या. ‘घरात आमच्या हिचंच चालतं’ असं हसत सांगणारे गृहस्थ तिचा फॉर्म स्वतः भरतात, फुली मारून दाखवतात आणि म्हणतात, “कर इथं सही.” राज्यकर्ती सही करते आणि पासबुक गृहस्थांच्या खिशात जातं. आमच्या बारामती-इंदापूरकडे पैसा म्हणजे ऊस. माळेगाव, सोमेश्वर की भवानीनगरचा छत्रपती, कारखाना कुठलाही घ्या, बिल जमा होतं ते ज्याच्या नावावर उसाची नोंद त्याच्या खात्यावर. हे नाव राणीसरकारांचं किती घरांत असतं, ते ज्याने त्याने आपला सातबारा काढून बघावं. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा, असं शेतकऱ्यांना सांगितलं. कित्येकांनी तो केलाही. त्यांच्यापैकी कुणी ‘आमच्या घरी हिचंच राज्य’ असा विनोदी लेख लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. ज्याने खरंच दिलं, त्याला गंमत वाटायचं कारण उरलं नसावं.

२०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बायकांच्या खात्यावर येऊ लागले, तेव्हा आमच्याकडे रांग दारापर्यंत. बाई काउंटरशी वाकून हळूच विचारायची, “जमा झालं का हो?” आणि मागून नवरा मोठ्याने विचारायचा, “किती झालं?” हळू कोण बोलतं आणि मोठ्याने कोण, यावरून राज्य कुणाचं ते कळतं. त्याला दिवाळी अंक लागत नाही.

इंदापूरचे एक मास्तर मला ठाऊक आहेत. एका साप्ताहिकात ते ‘सरकारस्वारी’च्या गोष्टी लिहीत, आणि बऱ्या लिहीत. मग बाई महिनाभर इस्पितळात होत्या आणि कारभार मास्तरांकडे आला. डब्यामागे वही सापडली. दूधवाल्याचे खाडे, मुलीची फी, भिशीचा हप्ता, नणंदेच्या लेकीच्या लग्नातला आहेर, मास्तरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याची तारीख, सगळं त्यात. बाई बऱ्या होऊन घरी आल्या. मास्तरांनी लेख काही पुन्हा लिहिला नाही. मला म्हणाले, “अहो, मी ज्याला राज्य म्हणत होतो, ती हमाली निघाली. हमालावर विनोद कसा करायचा?”

मग या विषयावर टिकतं कोण? दर आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते. त्यांच्या गाथेत संसाराला कावलेल्या बायकोची गाऱ्हाणी आहेत, आणि ती खरी आहेत. घरात दाणा नाही आणि दारात पाहुणे, हा तिचा मुद्दा तुकोबांनी कुठे झाकला नाही. म्हणून ते अभंग जुने होत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात आलं. नारायण वामन टिळक पैसा देऊन मोकळे होत आणि संसाराचा गाडा लक्ष्मीबाई ओढत. त्यांनी नवऱ्याची जी गंमत केली आहे, तिच्यात माया आहे आणि पैचा हिशोबही आहे. सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली, पु. ल. हयात असताना आलं. वाचक दचकले. दचकणारच! तोवर त्यांनी घरच्या सरकारची बाजू सरकारच्या तोंडून ऐकली होती कुठे?

तेव्हा बखरकारांनी हाय खाऊ नये. निष्क्रिय खातं पुन्हा चालू करता येतं. त्यासाठी आम्ही दोनच गोष्टींचा नव्याने पुरावा मागतो : आपण कोण, आणि आपण राहता कुठे. पहिल्याला आधारकार्ड चालतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र लिहिण्याआधी एकदा घरात विचारून यावं.