मानेतला पूल आणि त्यावरून धावणारे निष्कर्ष

उत्तरपत्रिका तपासताना तासन् तास मान खाली घालून बसले की डोक्याच्या मागे, कवटी जिथे मानेला मिळते तिथे, एक ठणका सुरू होतो. हा अनुभव आपणा शिक्षकांना नवा नाही. ‘मानेतला एक स्नायू थेट मेंदूच्या आवरणाला जोडलेला आहे, तो ओढला गेला की डोके दुखते’ असे स्पष्टीकरण अलीकडे बरेचदा दिले जाते. ऐकायला ते पटते. पण त्यातले सिद्ध किती आणि अंदाज किती, हे तपासून पाहायला हवे.

या स्पष्टीकरणाचे मूळ मुख्यतः एका शोधनिबंधात आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील गॅरी हॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘स्पाइन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. मानेच्या पहिल्या मणक्यापासून कवटीच्या तळापर्यंत जाणारा एक छोटा, खोलवरचा स्नायू आहे. त्याचे नाव मात्र लांबलचक : रेक्टस कॅपिटिस पोस्टेरिअर मायनर. पहिला मणका आणि कवटी यांच्यामधल्या फटीतून या स्नायूपासून संयोजी ऊतींचे तंतू आत जातात आणि मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणाला, म्हणजे ड्यूरा मेटरला, मिळतात. तपासलेल्या प्रत्येक मृतदेहात ही जोडणी आढळली. पुढे तिला ‘मायोड्यूरल ब्रिज’, म्हणजे स्नायू आणि आवरण यांमधला पूल, असे नाव रूढ झाले.

शेकडो वर्षे मृतदेहांचे विच्छेदन होत असताना हा पूल नजरेतून कसा सुटला? नेहमीच्या पद्धतीत मानेच्या मागून एकेक थर उचलत आत जातात. स्नायू उचलला की त्याच्या खालचे तंतू तुटतात आणि जे तुटले ते दिसत नाही. हॅक यांच्या गटाने डोके व मान मधोमध उभी कापून बाजूने पाहिले. माझ्या मते या निबंधाचे खरे मोल इथेच आहे. पाहण्याची पद्धत बदलली की दिसणारे वास्तवही बदलते, हा धडा कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी पडेल.

मात्र ‘१९९५ सालचा नवा शोध’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फॉन लान्झ यांनी १९२९ मध्येच अशा जोडणीचा उल्लेख केला होता. १९९२ मध्ये कान व सहकाऱ्यांच्या फ्रेंच निबंधातही ती आली होती. हॅक यांच्या निबंधाने ती जगापुढे ठळकपणे मांडली, एवढे श्रेय त्याला निश्चित द्यावे.

आता कार्याकडे वळू. डोके मागे झुकवले की मज्जारज्जूच्या मागचे आवरण सैल पडते. ते आत दुमडू नये म्हणून हा पूल त्याला मागे धरून ठेवत असावा, असे लेखकांनी सुचवले. तंतूंची दिशा आवरणाला साधारण काटकोनात आहे आणि डोके मागे झुकवताना हाच स्नायू आकुंचन पावतो. त्यामुळे हा तर्क सुसंगत वाटतो. परंतु ही निरीक्षणे रसायनांत टिकवलेल्या, मोजक्या मृतदेहांवरची होती. जिवंत माणसात किती ताण पडतो, हे त्यांतून कळत नाही. रचना पाहून कार्य सुचते, सिद्ध होत नाही.

डोकेदुखीच्या बाबतीत अंतर आणखी वाढते. ड्यूराला वेदना जाणवतात हे खरे. २००४ मध्ये हॅक आणि हॉलग्रेन यांनी एका रुग्णाची हकीकत दिली. शस्त्रक्रियेने ही जोडणी सोडवल्यावर त्याची जुनी डोकेदुखी कमी झाली. पण हा रुग्ण एकच! तुलनेला दुसरा गट नाही. शस्त्रक्रियेत इतर ऊतींनाही हात लागतोच. अशी हकीकत पुढच्या अभ्यासाला प्रश्न पुरवते, उपचाराला आधार नव्हे.

चीनमधील दालियान येथील संशोधकांनी या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आहे. पक्षी, मगरी, पॉरपॉइज अशा प्राण्यांतही ही जोडणी सापडली. इतक्या दूरच्या प्राण्यांत ती टिकून आहे, तेव्हा ती निरुपयोगी नसावी, हा युक्तिवाद वजनदार आहे. याच गटाने २०१६ मध्ये असेही दाखवले, की डोके फिरवण्याच्या हालचालीनंतर मस्तिष्क-मेरुद्रवाच्या प्रवाहात फरक पडतो. त्यामुळे हा पूल त्या द्रवाचा ‘पंप’ असावा, अशी कल्पना पुढे आली. पण डोके फिरवताना श्वास, नाडी आणि मानेतल्या शिरांमधला रक्तप्रवाहही बदलू शकतो. त्या फरकात पुलाचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय ‘पंप’ हा शब्द घाईचा ठरतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एका लांब मोज्यात कापूस सैलसर भरा आणि तो वाकवा. वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या आत शिरतील. त्या जागी दोरा टाचून बाहेर ओढला, की सुरकुती नाहीशी होईल. मग विद्यार्थ्यांना विचारा : यावरून शरीरात असेच घडते हे सिद्ध झाले का? ‘असे घडू शकते, एवढेच कळले’ हे उत्तर ज्या वर्गातून येईल, त्या वर्गाला विज्ञान समजू लागले आहे. मानेच्या दुखण्यावर कुणी ‘पूल मोकळा करून देतो’ म्हणाले, तर हेच मूल पुरावा मागेल.

हा पूल आहे, याबद्दल आता शंका उरलेली नाही. त्यावरून कोणता भार किती जातो, ते मात्र अजून मोजायचे आहे.