वृद्धिघटकाचे दुसरे काम

डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांचा ‘द हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर’ हा लेख २००० साली ‘सेल’ या नियतकालिकात आला. कर्करोगाचा सारा पसारा सहा गुणधर्मांत बसवणारे त्यातील वर्तुळचित्र शिकवायला अतिशय सोयीचे आहे. मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. वाढीच्या संदेशांबाबत स्वयंपूर्ण होणे हा एक गुणधर्म. शेजारच्या उतींत घुसून दूरवर पसरणे हा दुसरा. जणू ही दोन स्वतंत्र खातीच!

प्रत्यक्षात काय घडते? १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये मायकेल स्टोकर यांना तंतुजनक पेशींनी स्रवलेले एक प्रथिन आढळले. ते मिळताच ताटलीत दाटीने चिकटून वाढणाऱ्या अस्तरपेशी एकमेकींपासून सुटून हिंडू लागत. म्हणून त्याला ‘विखुरघटक’ म्हटले गेले. त्याच सुमारास जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यकृतपेशींना विभाजनास प्रवृत्त करणाऱ्या वृद्धिघटकाचा अभ्यास करीत होते. १९९१मध्ये उलगडा झाला, की ही दोन्ही प्रथिने एकच आहेत! पेशीच्या पृष्ठभागावरील ‘मेट’ या ग्राहीला ते जाऊन बसते. पुढे विभाजन होणार की स्थलांतर, हे पेशीचा प्रकार आणि परिसर ठरवतात.

हे स्थलांतर मुळात विकृती नव्हे. १९९५मध्ये दिसून आले, की मेट निकामी असलेल्या उंदरांच्या गर्भात स्नायूंच्या पूर्वपेशी पायांपर्यंत पोहोचतच नाहीत. गर्भाला आवश्यक असलेली हीच यंत्रणा कर्कपेशी अवेळी वापरते.

लेखकद्वयावर अन्याय नको. २०११च्या सुधारित लेखात त्यांनी ही उणीव बरीचशी भरून काढली. स्तनाच्या कर्करोगात भक्षकपेशी कर्कपेशींना अधिस्तर वृद्धिघटक पुरवतात व त्यांच्या घुसखोरीला हातभार लावतात, याची त्यांनी दखल घेतली. वर्गात मात्र अजूनही ‘कर्करोग म्हणजे पेशींचे अनिर्बंध विभाजन’ एवढ्यावरच धडा संपतो. कर्करोगाचे बहुतेक बळी मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिच्या प्रसारामुळे जातात. तेव्हा फळ्यावर ते वर्तुळ जरूर काढावे. पण या दोन गुणधर्मांना जोडणारी एक रेघही ओढावी आणि ‘वृद्धिघटक’ हे नाव किती अपुरे आहे, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.