जागतिक कृषिप्रकारांचे वर्गीकरण आणि सोलापूरची रब्बी ज्वारी : एक चिकित्सा

कृषिभूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात डरवेंट व्हिटलसी ह्यांचे वर्गीकरण प्रमाणभूत मानले जाते. इ. स. १९३६ मध्ये अमेरिकन भूगोलज्ञांच्या संघटनेच्या वार्षिकात त्यांनी ‘पृथ्वीवरील प्रमुख कृषिप्रदेश’ हा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात भटक्या पशुपालनापासून विशेषीकृत फळबाग शेतीपर्यंत तेरा प्रकार सांगितले. तेव्हापासून क्रमिक पुस्तकांतील नकाशे बहुतांशी त्याच निबंधावरून उतरत आले आहेत. ह्या नकाशात सोलापूर जिल्हा ज्या रंगात येतो त्याचे नाव ‘सखोल उदरनिर्वाह शेती, भातेतर’ असे आहे. आपला विद्यार्थी हे नाव पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि सुटीत गावी गेल्यावर ज्वारीच्या रानातून चालत जातो. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असावा अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही. नावाचा आणि रानाचा हा संबंध तपासून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम व्हिटलसींचे श्रेय मान्य केले पाहिजे. त्यांच्या आधी शेतीचे प्रकार पाडताना हवामान किंवा एखादे पीक एवढ्यावरच भिस्त असे. व्हिटलसींनी पाच निकष एकत्र घेतले : पिके व पशू ह्यांची सांगड, लागवडीच्या व पशुपालनाच्या पद्धती, श्रम, भांडवल व संघटन ह्यांचे जमिनीशी प्रमाण, उत्पन्नाची विल्हेवाट, आणि शेतीसाठी उभारलेल्या वास्तू. शेती ही एक जुळलेली व्यवस्था आहे, तिचा एक अवयव सुटा काढून तिची ओळख पटत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप ह्या तत्त्वावर नाही. तत्त्व स्वीकारूनही आशियाच्या पावसाळी प्रदेशाकडे येताच व्हिटलसींनी ते सोडून दिले, असा तो आक्षेप आहे. येथे त्यांनी एकच प्रश्न विचारला : भात आहे की नाही? जेथे आहे तो एक प्रकार, जेथे नाही तो दुसरा. परिणामी पंजाबातील गहू, उत्तर चीनमधील राळा आणि भीमेच्या खोऱ्यातील ज्वारी ही तिन्ही एका खणात जाऊन पडली. अभावावरून वर्ग बनवणे हा तर्कशास्त्रात दोष मानतात. भूगोलात तो गुण कसा ठरावा?

आता ‘सखोल’ हे विशेषण घेऊ. सोलापूरच्या खोल काळ्या रानात ज्वारी खरिपात पेरीत नाहीत. जून ते ऑगस्ट जमीन मोकळी असते; पाऊस झाला की कुळवाची पाळी देऊन पृष्ठभाग भुसभुशीत ठेवतात, तण मारतात आणि पाणी जमिनीत मुरू देतात. वार्षिक पाऊस सरासरीने साडेपाचशे ते सातशे मिलिमीटरांच्या दरम्यान, आणि त्यातील भरवशाचा हिस्सा सप्टेंबरात, उत्तरा व हस्त ह्या नक्षत्रांवर. त्या सुमारास पाभरीने पेरणी होते, आणि पुढे माघ-फाल्गुनापर्यंत पीक प्रायः जमिनीतील साठलेल्या ओलीवरच वाढते. थंडीत काळी जमीन आकसून भेगाळते तेव्हा कोळपण्या देऊन त्या भेगा बुजवतात, की आतली ओल उडू नये. म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने जमीन पिकाविना राखणे हे ह्या शेतीतील आळसाचे नसून हिशेबाचे लक्षण आहे. येथे उत्पन्न हेक्टरी सरासरीने दहा क्विंटलांच्या आतच राहते आणि दर हेक्टरी लागणारे मनुष्यबळ भातखाचराच्या मानाने फारच थोडे असते. ह्या पद्धतीला ‘सखोल’ म्हणणे म्हणजे शब्दाचा अर्थच मोडणे होय.

गंमत अशी, की ह्या पद्धतीचे जवळचे नातलग व्हिटलसींच्या स्वतःच्या देशात होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या मैदानांत एक हंगाम जमीन पडीक ठेवून ओल साठवायची आणि दुसऱ्या हंगामात गहू घ्यायचा, ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली होती. यूटामधील विड्ट्सो ह्यांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९११ मधील आहे. त्या शेतीला व्हिटलसींनी ‘व्यापारी धान्यशेती’ ह्या वेगळ्या वर्गात बसवले, कारण तेथे यंत्रे होती आणि माल विकला जात होता. ओल हा ज्या दोन्ही शेतींचा कणा, तो मात्र पाच निकषांपैकी एकातही आलेला नाही. हे केवळ पुस्तकी भांडण नव्हे. मुंबई सरकारच्या शेतकी खात्याने आणि केंद्रीय कृषिसंशोधन परिषदेने १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू केले आणि ना. वि. कानिटकर व त्यांचे सहकारी ह्यांनी बांधबंदिस्ती, खोल मशागत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ह्यांची ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ मांडली. हे काम व्हिटलसींच्या निबंधाच्या समकालीन आहे. ह्या प्रयोगांचा सारा प्रश्न ओल धरून ठेवण्याचा होता. भात असण्या-नसण्याशी त्याला काहीच कर्तव्य नव्हते. प्रयोगक्षेत्रावरील माणसाला जे वर्गीकरण निरुपयोगी, ते वर्गात एवढे उपयोगी का वाटावे?

‘उदरनिर्वाह’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. व्हिटलसींच्या चौथ्या निकषात उत्पन्नाच्या दोनच वाटा आहेत : घरी खाणे किंवा बाजारात विकणे. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ ग्रंथात ज्या बलुतेदारीचे सविस्तर वर्णन केले ती तिसरी वाट होती. खळ्यावरून सुतार, लोहार, कुंभार, न्हावी ह्यांचा हिस्सा निघे. तो घरी खाल्लेला नव्हे आणि विकलेलाही नव्हे. आज ही प्रथा बव्हंशी लोपली असली, तरी १९३६ मध्ये ती अस्तित्वात होती आणि नकाशावर तिला जागा नव्हती. चौथी वाट राज्याची. मंगळवेढ्याला ‘ज्वारीचे कोठार’ म्हणण्याची रूढी जुनी आहे. दुष्काळात बिदरच्या बादशहाचे तेथील कोठार दामाजीपंतांनी भुकेल्यांना खुले केले, ही कथा संतपरंपरेने जपलेली असल्याने तिचा तपशील इतिहास म्हणून घेता येणार नाही. परंतु ती कथा रचण्यासाठीदेखील मंगळवेढ्यास सरकारी कोठार असणे स्वाभाविक वाटावे लागते, आणि केवळ पोटापुरते पिकवणाऱ्या प्रदेशात सरकारी कोठार भरत नाही.

वास्तूंच्या निकषाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य डोळा कोठारे, गोठे, सायलो शोधतो. येथील ज्वारी जमिनीखालच्या पेवात असे. पेव उघडल्यावर आत साचलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरत नसे, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. वर दिसे ती कडब्याची गंजी. तिच्यावरून घराची ऐपत जोखली जाई, कारण खिलार बैलाचे वर्ष कडब्यावर निघते आणि बैलावर पुढची पेरणी.

पशू म्हटले की पहिल्या निकषाकडे परतावे लागते. भटके पशुपालन आणि स्थिर शेती हे व्हिटलसींचे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. सांगोला-मंगळवेढ्याकडील धनगर ह्या दोहोंपैकी कोणत्या रंगात रंगवायचा? सुगीनंतर त्याची मेंढरे कुणब्याच्या रानात रात्रीची बसवली जातात. लेंडीखत रानाला मिळते, मोबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसा मिळतो. एकाचे फिरणे दुसऱ्याच्या स्थैर्याचा भाग आहे. धनगरांच्या दैवतांचा अभ्यास करणारे गुंथर सोंथायमर ह्यांनी हा अन्योन्यसंबंध धर्माच्या बाजूने दाखवून दिला. कृषिभूगोलाने तो खताच्या बाजूने दाखवायला हवा होता.

येथून शेतीच्या उगमाचा प्रश्न सुरू होतो, कारण प्रकारांच्या यादीमागे एक न बोललेली शिडी असते : आधी शिकार, मग पशुपालन, मग शेती. एडुआर्ट हान ह्यांनी १८९० च्या दशकातच ह्या शिडीवर हल्ला केला होता, तरी क्रमिक पुस्तकांतून ती अद्याप हललेली नाही. भीमेच्या खोऱ्यातला पुरावा तिच्या विरुद्ध आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव हे भीमेला मिळणाऱ्या घोड नदीकाठचे गाव. तेथे १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. जोर्वे संस्कृतीच्या पूर्वकाळात, इ. स. पू. १४०० ते १००० च्या दरम्यान, तेथील लोक पाण्याचा पाट व बांध राखून सातू पिकवीत आणि चौकोनी घरांत राहत. उत्तरकाळात, इ. स. पू. ७०० पर्यंत, घरे लहान व गोल झाली. म. के. ढवळीकरांच्या मते हवामान कोरडे पडल्याने हे लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले. त्यांची हवामानविषयक मीमांसा सर्वांना मान्य होईलच असे नाही. पण शेतीकडून पशुपालनाकडे जाणे शक्य आहे, एवढे तरी शिडी मानणाऱ्याला ह्यावरून कबूल करावे लागेल.

इनामगावचे मुख्य धान्य सातू होते, ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. सातू पश्चिम आशियातून आलेला आणि हिवाळ्यात पिकणारा. म्हणजे ह्या खोऱ्यात रब्बीची सवय ज्वारीच्या वर्चस्वापूर्वीची आहे. ज्वारी स्वतः आफ्रिकेची. निकोलाय वाव्हिलोव्ह ह्यांनी पिकांच्या उगमकेंद्रांची मांडणी करताना तिला अॅबिसिनियन केंद्रात घातले होते. २०१७ मध्ये पूर्व सुदानातील कसालानजीकच्या इ. स. पू. चौथ्या सहस्रकातील खापरांत लागवडीखालील ज्वारीच्या कणसाचे ठसे ओळखले गेले, आणि मूळ स्थान अॅबिसिनियाच्या पठाराऐवजी त्याच्या पायथ्याकडील गवताळ प्रदेशाकडे सरकले. त्या गवताळ प्रदेशात ती उन्हाळी पावसाचे पीक होती. तिला पावसाळा संपल्यावर पेरून थंडीत फुलवण्याची रीत मात्र दख्खनच्या काळ्या जमिनीत रुजली. आफ्रिकेतल्या वनस्पतीला येथे आधीच अस्तित्वात असलेल्या सातूच्या हंगामात बसवले गेले, असा माझा तर्क आहे. ज्वारीच्या पाच मुख्य वंशांपैकी भारतात प्रभावी असलेला ‘दुर्रा’ वंश भारतातच घडून परत पश्चिमेकडे गेला असावा, असे हार्लन व स्टेमलर ह्यांनी १९७६ मध्ये सुचवले होते. ते ग्राह्य धरले तर हा तर्क अधिक बळावतो.

वाव्हिलोव्हांचा सिद्धांत बी कोठून आले हे सांगतो. ते कोणत्या महिन्यात, कोणत्या मातीत आणि कोणत्या अवजाराने पेरायचे, हे शोधणाऱ्याचा पत्ता त्यात नाही. पिकाचा उगम आणि शेतीचा उगम ह्या दोन भिन्न घटना आहेत. सोलापूरच्या शेतात शेजारी शेजारी उभी असलेली पिके पाहिली तरी हे लक्षात येते : ज्वारी आफ्रिकेची, करडई व हरभरा पश्चिम आशियातले, तूर मात्र भारतातली. एकाही केंद्राचा नकाशा ह्या रानाचा अर्थ लावू शकत नाही.

हा भेद विसरण्याची किंमत संशोधनाने मोजली आहे. १९६४ मध्ये ‘सीएसएच १’ हा पहिला संकरित वाण आला आणि खरीप ज्वारीचे उत्पन्न वाढले. तेच यश रब्बीत मिळेल ही अपेक्षा फोल ठरली. पीक एकच, म्हणून प्रश्नही एकच, असे गृहीत धरले गेले होते. मोहोळच्या केंद्रावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थानिक वाणातून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ आजही टिकून आहे, कारण तिच्यात थंडी सोसून फुलणे, उतरत्या ओलीवर दाणा भरणे, भाकरीला पांढरे मोत्यासारखे धान्य देणे आणि जनावर आवडीने खाईल असा कडबा देणे हे चारही गुण एकत्र आहेत. दाण्याचे क्विंटल मोजणाऱ्या तक्त्यात त्यांपैकी तिघांना रकाना नसतो.

१९८० मध्ये उजनी धरण पुरे झाल्यापासून भीमेच्या दोन्ही काठांवर ऊस आला, सांगोल्यात डाळिंब, पंढरपूरकडे द्राक्ष. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. व्हिटलसींचा नकाशा आज काढला तर एका तालुक्यात चार रंग भरावे लागतील, आणि पाण्याच्या आवर्तनागणिक ते बदलावेही लागतील. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी क्षेत्रीय अभ्यासाचे तक्ते आखताना पहिला रकाना पिकाच्या नावाचा ठेवू नये. रान कोणत्या महिन्यात मोकळे होते आणि पेरणीच्या दिवशी किती वितींवर ओल लागली, हे आधी विचारावे. गावातील कोणताही पाभर धरणारा माणूस त्याचे उत्तर बोटांनी मोजून देतो.